‘चांगला वकील सांगा’ म्हणणाऱ्यांसाठी

निवृत्त झाल्यापासून मला येणारे अर्धे फोन एकाच कामाचे असतात. “ताई, तुम्ही कोर्टात होतात ना, एखादा चांगला वकील सांगा.”

सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कोर्टांत मी कारकून म्हणून लागले, बरीच वर्षं बेंच क्लार्क होते आणि सहायक अधीक्षक म्हणून बाहेर पडले. बेंच क्लार्कची खुर्ची साहेबांच्या, म्हणजे न्यायाधीशांच्या, डायसच्या खाली, वकिलांच्या बरोबर समोर. तिथून वकील जसा दिसतो तसा पक्षकाराला सहसा दिसत नाही. पक्षकाराला ऑफिस दिसतं, भिंतभर लाल-हिरवी पुस्तकं दिसतात, बाहेर ताटकळणारी माणसं दिसतात. आम्हाला दिसतो तो रोजनामा, म्हणजे तारखेला काय झालं त्याची नोंद.

तर फोनवर मी नाव सांगत नाही. आधी विचारते, “भांडण कशाचं आहे आणि हातात आलेला कागद कुठल्या कचेरीचा आहे?” बहुतेकांना हे उडवाउडवीचं उत्तर वाटतं. पण निम्मा निर्णय इथेच होतो.

कारण ‘कोर्ट’ म्हणून लोक ज्याला सरसकट हात जोडतात त्याची दारं पुष्कळ आहेत आणि प्रत्येक दारात रोज उभी राहणारी माणसं वेगळी. शेताचा रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट, १९०६ सालचा, त्याच्या कलम ५ खाली दावा तहसीलदारापुढे चालतो, तोही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीतला बदल, चुकीचा झाला तर अपील प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे. कुळाचा प्रश्न असेल तर दिवाणी कोर्टाला कूळ कायद्याच्या कलम ८५ ने हातच लावता येत नाही. मालकी आणि वाटणी मात्र दिवाणीतच. चेक परत आला तर फौजदारी, आणि तिथे सगळा खेळ तारखांचा: बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात फिर्याद. बिल्डर, विमा कंपनी, नादुरुस्त ट्रॅक्टर यांच्यासाठी ग्राहक आयोग आहे, तिथे स्वतः उभं राहिलात तरी चालतं. मारहाणीत तुम्ही फिर्यादी असाल तर खटला सरकारी वकील चालवतात. तुम्ही खासगी वकील दिलात तरी तो त्यांच्या हाताखाली मदतीला. हे माहीत नसल्यामुळे लोक उगाच मोठी फी भरून बसलेले मी पाहिलेत.

महसुलात मुरलेला वकील दिवाणीत चाचपडतो आणि उलटंही होतं. तालुक्याला ‘सगळं बघतो’ म्हणणारे वकील असतात, त्यांच्याबद्दल माझा आकस नाही, तालुक्याला पोट भरायचं तर सगळं बघावंच लागतं. पण सगळं बघणाऱ्याचंही एक मुख्य काम असतं. ते कुठलं, एवढं काढायचं.

माझ्या मामेबहिणीचं सांगते. आम्ही तिला आक्काच म्हणतो. मामा वारल्यावर भावांनी वारसनोंद घातली, त्यात दोघा भावांचीच नावं. आक्का आणि तिची धाकटी बहीण सोयीस्करपणे गायब. गावात अजूनही चालतं हे, तलाठ्यापुढे वारसांचं प्रतिज्ञापत्र करताना बहिणी ‘विसरल्या’ जातात. आक्काला कळलं ते रस्त्याकडेच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलं तेव्हा. तिचा मुलगा तिला घेऊन गेला जिल्ह्याच्या गावी, एका नामांकित वकिलांकडे. नाव मोठं होतं यात वाद नाही, खुनाच्या खटल्यात ते उभे राहिले की ज्युनिअर वकील ऐकायला येऊन बसत. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, भावांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल करू, दोन रात्री आत बसले की आपोआप हिस्सा देतील.

मुलाला हे फार पटलं. आक्का मला म्हणाली, “अगं, भावाला आत बसवून मी माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ?” मी म्हटलं, तोंडाचं राहू दे, जमीन कशी मिळणार ते विचारलंस का? गुन्हा दाखल होऊन समजा दोषारोपपत्र गेलं, समजा वर्षानुवर्षांनी शिक्षासुद्धा झाली, तरी त्या निकालानं सातबाऱ्यावर हिस्सा पडत नाही. हिस्सा पडतो वाटणीच्या दाव्यात. त्या वकिलांची लबाडी नव्हती. ज्याला जे हत्यार चालवता येतं तेच तो उचलतो.

मग मी तिला तालुक्याच्याच एका वकिलांकडे पाठवलं. पन्नाशीचे, आवाज बसका, कोट कायम जरा मोठा. त्यांनी आक्काला बोलूच दिलं नाही, असं ती नंतर तक्रारीनं सांगत होती. आधी कागद मागितले. १९५० पासूनचे सातबारे, सगळे फेरफार, आठ-अ, मामांचा मृत्यूचा दाखला, वंशावळ. कागद नव्हते, तर म्हणाले, “अर्ज करा, नकला काढा, मग या.” फीचं नाव नाही. मला तेव्हाच बरं वाटलं. दिवाणीचा वकील गोष्ट ऐकण्याआधी कागद मागतो, कारण गोष्ट बदलते, फेरफार क्रमांक बदलत नाही.

कागद आल्यावर त्यांनी दोन वाटा सांगितल्या. वारसनोंदीविरुद्ध प्रांताकडे अपील, त्याची मुदत ६० दिवसांची, ती उलटून गेलेली, म्हणून विलंब माफीचा अर्ज जोडायचा. आणि मुख्य म्हणजे दिवाणीत वाटणीचा दावा, सोबत निशाणी ५. (ज्यांनी कोर्टाची पायरी चढलेली नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे दाव्याला निशाणी १ पडते आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज ठरल्यासारखा निशाणी ५ ला असतो. ‘पाच नंबर मिळाला’ म्हणजे मनाई मिळाली.) रस्त्याकडेचा तुकडा विकला जाऊ नये म्हणून ती पहिल्या आठवड्यात हवी होती. फेरफाराच्या अपिलाबद्दल त्यांनी स्वतःच सांगितलं की त्यानं मालकी ठरत नाही, महसुलाची नोंद ती महसुलापुरती, त्यावर पैसे आणि जीव फार घालवू नका.

आणखी एक गोष्ट. जिल्ह्याच्या ऑफिसातल्या कारकुनानं आक्काला ‘पुढे दावा करायचा झाला तर’ म्हणून कोर्ट फीचा मोठा आकडा सांगून ठेवला होता. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं महिला पक्षकारांना पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे. बसक्या आवाजाच्या वकिलांनी दाव्याच्या शेवटच्या परिच्छेदात ती ओळ घातली आणि विषय संपला. कुठल्या वकिलाला किती कायदा येतो हे तुम्हाआम्हाला मोजता येत नाही, पण अशी एखादी ओळ बरंच सांगून जाते.

दाव्याचा मसुदा त्यांनी आक्काच्या हातात दिला, घरी जाऊन वाचा म्हणाले. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, तेव्हा आपला दावा आपल्याला वाचता येत नाही ही सबब कुणी ऐकून घेऊ नये. आक्कानं वाचला, एका गटाच्या चतुःसीमेत पूर्वेला ओढा हवा तिथे रस्ता पडला होता, तो बदलून घेतला. ही चूक तशीच गेली असती तर उलटतपासात तिचे हाल झाले असते. ‘इथे सही करा, बाकी मी बघतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. सत्यापनावर सही तुमची असते आणि पिंजऱ्यातही तुम्हीच उभे राहणार असता.

आता वकील पारखायचा कसा, ते. पूर्वी हे फक्त आम्हा कोर्टातल्या लोकांना जमायचं, आता कुणालाही जमतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर तुमचा जिल्हा, तालुका निवडा आणि वकिलाच्या नावानं शोधा. यादी येते. त्यात आर.सी.एस. म्हणजे नियमित दिवाणी दावे किती, एस.सी.सी. आणि आर.सी.सी. म्हणजे फौजदारी किती, दरखास्ती म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचे अर्ज किती, हे नुसतं वर-खाली फिरवलं तरी माणसाचं मुख्य काम कळतं. मग एखादा दावा उघडा आणि तारखांवर बोट ठेवा, त्या त्या दिवशी काय झालं ते दिसतं. ‘वादीतर्फे मुदतीचा अर्ज, खर्चासह मंजूर.’ पुढच्या तारखेला पुन्हा तेच. असं पान भरून दिसलं की समजा. एखाद-दुसऱ्या मुदतीला काही अर्थ नाही, माणूस आजारी पडतो, दुसऱ्या कोर्टात अडकतो. पण साक्षीपुरावा सुरू झाल्यावर तारखांमागून तारखा कोण मागतंय हे बघा. निकाल लागलेल्या दाव्यांचे निकालपत्रही तिथेच मिळतं. हरलेला दावा असला तरी वाचा, वकिलानं मुद्दा कसा मांडला होता ते न्यायाधीशांनी त्यात लिहिलेलं असतं. चांगले वकील पुष्कळ दावे हरतात, वाईट दावे त्यांच्याकडेही येतातच.

दुसरं, एक दिवस अकरा वाजता कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. दरवाजा उघडा असतो, कुणी अडवत नाही. बोर्डावर ज्या वकिलाचा दावा आहे त्याच्या पुकाऱ्याची वाट बघा. शिपाई नाव पुकारतो तेव्हा वकील उभा राहतो, की ज्युनिअर धावत येऊन “सर दुसऱ्या कोर्टात आहेत” म्हणतो? उभा राहिला तर फाईल उघडून बोलतो, की साहेबांनी विचारलेल्या साध्या प्रश्नाला मागे वळून पक्षकाराकडे बघतो? ज्युनिअर वाईट नाही हो, उलट ज्याच्याकडे तयार ज्युनिअर आहे त्याचं काम अडत नाही. पण तुमच्या दाव्यात साक्ष कोण घेणार, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारून घ्या. विचारलं म्हणून चिडणारा वकील पुढेही चिडणारच.

आवाजावर जाऊ नका. पक्षकार मागे बसलाय म्हणून टेबलावर हात आपटून बोलणारे वकील आमच्यासमोर रोज असायचे, आणि साहेब शांतपणे पेन खाली ठेवून वाट बघायचे. आक्काच्या दाव्यात मी मागे जाऊन बसले होते, तेव्हा मोठ्या भावाचा उलटतपास होता. भावांचं म्हणणं असं की १९९८ सालीच तोंडी वाटणी झाली, बहिणींचा संबंधच उरला नाही. २००५ च्या दुरुस्तीनं मुली जन्मानं सहहिस्सेदार झाल्यापासून ही जुनी तोंडी वाटणी गावोगाव उगवायला लागली होती. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की अशा तोंडी वाटणीवर सहजासहजी विश्वास ठेवायचा नाही, सार्वजनिक कागदपत्राचा आधार हवा.

वकील उठले. कोट सावरला.

“१९९८ नंतर सोसायटीचं पीककर्ज कुणाच्या नावानं उचलत होता?”

“वडलांच्या.”

“सातबारा कुणाच्या नावानं होता?”

“वडलांच्याच.”

“तुमचं नाव कुठल्या फेरफारानं लागलं?”

“वडील वारल्यावर लागलं.”

“म्हणजे वारसाचा फेरफार. वाटपाचा फेरफार कधी झाला?”

भाऊ आक्काच्या वकिलांकडे, मग स्वतःच्या वकिलांकडे, मग आढ्याकडे बघत राहिला. “वाटपाचा नाही झाला.”

“एवढंच,” म्हणाले आणि बसले. आक्काच्या मुलानं मला कोपरानं ढोसून विचारलं, “मावशी, झालं? एवढंच विचारणार?” त्याच्या डोळ्यापुढे अजून खुनाच्या खटल्यातले वकीलच होते. मी त्याला बाहेर नेऊन चहा पाजला.

चहावरून आठवलं. समोरच्या बाजूचा वकील आणि आपला वकील कँटीनला एका टेबलावर बसलेले दिसले की पक्षकार फोन करतो, “ताई, फितूर झाला.” नाही होत. ते रोज एका बार रूममध्ये बसतात, एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जातात. फितुरीचा संशय घ्यायचाच तर कागदावर घ्या. तुम्हाला न विचारता पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली, साक्षीदार हजर असताना उलटतपास ‘नाही’ म्हणून सोडला, कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, मुदतीत न दिल्यानं ‘नो डब्ल्यू.एस.’ची, म्हणजे ‘कैफियत नाही’ अशी, ऑर्डर होऊ दिली, असं काही दिसलं तर बोला.

“साहेबांशी माझी ओळख आहे,” असं जो वकील पहिल्या भेटीत सांगतो, त्याच्या ऑफिसातून चप्पल घालून सरळ बाहेर पडायचं. साधारण तीन वर्षांत साहेबांची बदली होते, तुमचा दावा त्याच्या पुढेही चालणार असतो. आणि इतकी वर्षं त्या डायसखाली बसून मी सांगते, ज्यांची खरंच ओळख असते ते ती बोलून दाखवत नाहीत.

फीबद्दल लोकांना विचारायची लाज वाटते, वकिलांना सांगायची. दोन पद्धती असतात, एकदम ठरवून टप्प्याटप्प्यानं द्यायची किंवा तारखेवारी. तारखेवारी फी स्वस्त वाटते, पण तारीख पडण्यात ज्याचा फायदा त्याच्या हातात आपण तारीख देतो, इतकं साधं गणित आहे. मी नेहमी टप्प्यांच्या बाजूची: दावा दाखल करताना काही, निशाणी ५ च्या सुनावणीला काही, पुरावा सुरू होताना, युक्तिवादाला. खर्च वेगळा मांडून घ्या, नकला, टायपिंग, समन्सचा खर्च, कोर्ट कमिशनर नेमला तर त्याची फी. आणि अपघात किंवा भूसंपादनाच्या प्रकरणात ‘आत्ता काही देऊ नका, नंतर टक्केवारी’ असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. चालतं सर्रास, पण आहे मनाई.

पैसेच नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा. बाईमाणसाला, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला उत्पन्नाची अट न बघता वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी माहिती देतात. ‘फुकटचा वकील काय लढणार’ असं म्हणतात लोक. त्या पॅनेलवर कंटाळवाणे असतात तसे नव्यानं सनद घेतलेले, नाव कमवायला उतावीळ झालेलेही असतात, आणि असा एखादा वाट्याला आला तर तो तुमच्या फाईलवर रात्र काढतो.

स्थानिक की बाहेरचा? तालुक्याच्या कोर्टात तालुक्याचा, असं माझं मत. पुण्याहून येणारा वकील गाडी अडकली की येत नाही आणि निशाणी ५ च्या दिवशीच गाडी अडकते. अपवाद एकच. समोरचा माणूस तालुक्यात वजनदार असेल तर स्थानिक वकील वकीलपत्र घ्यायला कां-कूं करतात, तेव्हा शेजारच्या तालुक्यातला बघावा. हायकोर्टाचं आता आपल्या भागाला सोपं झालंय. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, साताऱ्याची प्रकरणं तिथे जातात, मुंबईच्या लॉजचं भाडं वाचलं. पण हायकोर्टाचं काम वेगळं, तिथे साक्ष नसते, फाईल आणि मुद्दा असतो. खालचा वकील वर जाऊ दे म्हणाला तर जाऊ दे, पण तिथे रोज उभा राहणारा सोबत हवाच.

फौजदारीत एक गंमत सध्या चाललीये. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. अटकपूर्व जामिनाचं ४३८ गेलं, ते ४८२ झालं, आणि जुनं ४८२ म्हणजे हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज. जुने वकील बोलताना अडखळतात, स्वतःच हसतात. त्यावरून कुणाला नापास करू नका, अर्जावर बरोबर कलम आहे ना तेवढं बघा.

वकील बदलायचा झाला तर भांडून बदलू नका. आधीच्याची ना हरकत घेतली की सरळ होतं, तो देत नसेल तर कोर्टाची परवानगी मागता येते. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवायचा वकिलाला हक्क नाही, सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच हे सांगितलंय. फी राहिली तर त्यानं ती वेगळी वसूल करावी. एवढं शांतपणे म्हटलं की फाईल सहसा कपाटातून निघते.

आक्काच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा झाला, दोघी बहिणींना प्रत्येकी चौथा हिस्सा. पेढे वाटून झाल्यावर मुलानं विचारलं, मग ताबा कधी? शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. फाईल तिथून तहसीलला येते आणि भूमी अभिलेखचा मोजणीदार तुकडे पाडतो. म्हणजे पुन्हा महसूल. बसक्या आवाजाच्या वकिलांनी स्वतःच सांगितलं, तहसीलच्या चकरा माझ्याच्यानं होत नाहीत, तिथलं काम बघणाऱ्या एका तरुण वकिलीणबाईंना सोबत घेऊ. बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, पाणी कुठल्या तुकड्याला आहे? विहिरीत चौथा हिस्सा हुकूमनाम्यात लिहिलाय, पण विहिरीकडे जायची वाट लिहिली आहे का? नव्हती लिहिलेली. मोजणीची तारीख लागायच्या आत वाटेचा अर्ज गेलाय, आणि भाऊ बांधावर आडवे झाले तर पोलीस बंदोबस्ताचाही अर्ज त्यांनी टाईप करून ठेवलाय.